रिकाम्या हातांनी

थकवा म्हणजे नेमकं काय, हे मला सांगता येत नाही. सांगायला गेलं की आणखी थकायला होतं. शिरवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं पॅकिंगला उभी होते. उभी म्हणजे खरोखरच उभी. औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून पुढे यायच्या, झाकण बघायचं, लेबल बघायचं, खोक्यात भरायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे आणि वर ट्यूबलाइट. खिडकी नाही. धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी नसते, असं मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी समजावलं होतं आणि ते मला पटलंही होतं. आठवड्याला पाळी बदलायची. सकाळची, दुपारची, रात्रीची, पुन्हा सकाळची. घरी आलं की स्वयंपाक, धुणं, आणि झोपायचं ते पडदे लावून.

मग झोपच गेली. डोळ्याला डोळा लागेना. दिवसा बसल्या जागी छातीत धडधडायचं, हाताला घाम सुटायचा, घास गिळवायचा नाही. एके दिवशी पट्टा चालू असताना मला रडू आलं. कारण काहीही नव्हतं. बाटल्या येत होत्या, मी भरत होते आणि मास्क भिजत होता. शेजारच्या बाईनं पट्टा थांबवला. अकरा वर्षांत माझ्यामुळं पट्टा थांबल्याची ती पहिलीच वेळ, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

तिथल्या डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढला, साखर बघितली, रक्त बघितलं. सगळं बरं आहे म्हणाले. हे वाक्य ऐकून मला इतका संताप आला की मी पिशवी उचलून चालती झाले. सगळं बरं असेल तर मी अशी का आहे, हे विचारायचंही सुचलं नाही.

माझा नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. बोलणं कमी, पण डोकं शांत. त्याच्या ओळखीतल्या एकाच्या बायकोला सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंचा गुण आला होता. डोक्याच्या डॉक्टर. हा शब्द माझ्यासमोर उच्चारायला नवरा दोन दिवस घुटमळत होता. मी म्हटलं, डोक्याचा तर डोक्याचा, चल.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मधे फोन वाजला तो उचलला नाही, याचंच मला अप्रूप वाटलं. मग म्हणाल्या, "एक लहानशी गोळी देते, ती लागेल. पण अर्धं औषध माझ्याकडं नाही, ते बाहेर आहे. तुमच्या शरीराला दिवस कुठला आणि रात्र कुठली हेच कळेनासं झालंय. सकाळचं ऊन अंगावर घ्या. रोज तासभर मोकळ्यावर चाला, झाडाखाली बसा. मोबाईल नको. आणि काम नको. हे फिरणं औषध समजून करा." तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या, दीड महिन्यानं एकदा दाखवून जा.

कंपनीनं तीन महिने बिनपगारी रजा दिली. तेवढे दिवस जागा ठेवू, पुढचं सांगता येत नाही, असंही सांगितलं. म्हणजे तीन महिन्यांत मला माणसात यायचं होतं. नाही आले तर नोकरी जाणार होती, आणि नोकरी गेली तरी चालेल, पण ही अशी बाई घेऊन उरलेलं आयुष्य कसं काढायचं, ही भीती मोठी होती. नवरा शिरवळला राहिला आणि मी कुंडलला सासरी आले.

घरात दोनच माणसं. सासू, जिला आमच्याकडं आत्या म्हणतात, आणि सैन्यातून निवृत्त होऊन आलेला धाकटा दीर. जाऊ पोरांच्या शाळेपायी साताऱ्यात राहते. आत्यांचं वय सत्तरीच्या पुढं, पण दिवस उगवायच्या आधी अंगण झाडून म्हशीची धार काढून मोकळ्या. शेजारच्या बायकांनी विचारलं, सून कशी काय आली एवढे दिवस? आत्या म्हणाल्या, "अशक्तपणा आलाय तिला." डोक्याचं काही सांगायची गरजच पडली नाही. अशक्तपणा हा आमच्या गावात फार सोयीचा आजार आहे. तो कुणालाही होतो आणि कुणी पुढं काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालून मी बाहेर पडले. आत्या दारातच होत्या.

"कुठं निगालीस गं?"

"फिराय."

"कशापायी?"

आता याला काय उत्तर द्यायचं? शिरवळला बायका पांढरे बूट घालून हायवेच्या कडेनं फिरतात, त्यांना कुणी कशापायी म्हणून विचारत नाही. आमच्या गावात बाई घराबाहेर पडते ती रानात, दळणाला, धुण्याला, नाहीतर कुणाच्या मयताला.  आत्यांनी खुंटीवरचा विळा काढून माझ्या हातात दिला.

"जातीयास तर इळा घिऊन जा. पाटाच्या कडंला गवात माजलंय."

आणि मी घेतला. आत्यांनी दिला हे खरं, पण घेतला मी, आणि मनातून सुटल्यासारखं होऊन घेतला. विळा हातात आला आणि सगळे प्रश्न मिटले. वाटेत चार माणसं भेटली, चौघांनीही एकदा विळ्याकडं बघितलं आणि मान हलवून पुढं गेली.

पहिला आठवडा चांगला गेला, हे कबूल केलं पाहिजे. साखर कारखान्यांचा हंगाम नुकताच संपला होता. उसाची रानं तुटून मोकळी पडली होती, तिथं बगळे हिंडत होते. खोडव्याला, म्हणजे तुटल्या उसाच्या नव्या फुटीला, पाणी चालू होतं. भिजल्या मातीचा वास यायचा, पाठीवर कोवळं ऊन पडायचं. सागरेश्वराच्या डोंगराकडून एखाद्या सकाळी मोराचं ओरडणं ऐकू यायचं. मी मूठभर गवत कापायचे, मग बांधावरच्या विहिरीपाशी करंजाखाली टेकायचे. श्वास पोटापर्यंत जातोय असं वाटायचं. एका दुपारी मला बाहेरच्या सोप्यात चक्क दीड तास झोप लागली. उठले तेव्हा गालावर चटईचे वळ होते. नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

पण मूठभर गवत घेऊन घरी येणं बरं दिसत नाही. एवढ्या लांब गेलीस आणि एवढंच? असं कुणी बोललं नाही, मलाच वाटायचं. मग पोतं न्यायला लागले. पोतं अर्धं आणणं बरं दिसत नाही, म्हणून भरून आणायला लागले. तोड संपून उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, बंद झाल्यामुळं वैरणीची ओढाताण होतीच. दोन आठवड्यांत मी डोक्यावर भारा आणत होते. करंजाखाली बसणं कधी बंद झालं ते कळलंही नाही, कारण ऊन चढायच्या आत गवत कापून व्हायला हवं. आत्या खूश. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "शेरात ऱ्हाऊन बी इसरली न्हाई."

मला त्या कौतुकाची इतकी भूक होती, की दुसऱ्या दिवशी मी भारा आणखी मोठा बांधला.

आणि मग दिरानं म्हैस आणली.

एक म्हैस घरात होतीच. ही दुसरी, रेडकासकट. मी भारा टाकून घाम पुसत होते, तर हा टेम्पोतून म्हैस उतरवतोय. मी बघतच राहिले. तो मोठ्या प्रेमानं म्हणाला, "वैनी, तुमी रोज एवढी वैरण आनताय, एका म्हशीला जास्त हुतीया. वाया कशाला घालवायची? म्हनलं, दुसरी बांदूया. तुमास्नी दूद बी हुईल, अशक्तपना जाईल."

आत्यांनी म्हशीला ओवाळलं. मी तिच्या पायावर पाणी घातलं. मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी मला झाडाखाली बसायला सांगितलं होतं आणि माझ्या बसण्यावर घरच्यांनी म्हैस विकत घेतली होती. कुणाचंही काही चुकलं नव्हतं, म्हणून तर रागावताही येईना.

दोन म्हशींना किती लागतं ते ज्याच्या डोक्यावर भारा असतो त्यालाच कळतं. मी आता सकाळी जाऊन संध्याकाळीही जायला लागले. हाताला गवताचे चरे पडले, कंबर धरली. झोप परत गेली. करंजावरून जायचे, पण नजर वाटेवर, पाय घसरू नये म्हणून. पक्षी ओरडत असतील तर ओरडत असतील. शिरवळात बाटल्या होत्या, इथं पेंढ्या. एवढाच फरक.

दीड महिन्यानं सांगलीला गेले. बाईंनी विचारलं, "फिरता ना?"

"रोज. दोन्ही वेळा."

"झोप?"

मी हात पदराखाली घेतले. वजन केलं, ते उतरलं होतं. त्यांनी नाडी बघायला माझा हात धरला आणि तळवा उलटा केला. "हे काय?"

मग सगळं सांगावं लागलं. विळा, पोतं, भारा, म्हैस, रेडकू. रेडकापर्यंत आल्यावर बाईंना हसू आवरेना, मलाही आवरेना, आणि हसता हसता मला रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, "मी तुम्हाला सुट्टी लिहून दिली होती हो, तुम्ही दुसरी नोकरी धरली. रानातलं कामही चांगलंच असतं, पण ते तुम्ही विसाव्यासाठी करत नाही, कुणी नाव ठेवू नये म्हणून करता. शरीराला ते कळतं." मग कागद ओढून मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: रोज सकाळी एक तास चालणे व झाडाखाली बसणे. हात रिकामे. खाली सही आणि शिक्का.

तो कागद मी संध्याकाळी दिरासमोर ठेवला. तोंडी सांगितलं असतं तर काही झालं नसतं, पण तो वीस वर्षं सैन्यात होता. त्यानं कागद दोनदा वाचला, शिक्का बघितला. "लेखी हाय म्हंजी हुकूम झाला," म्हणाला. "उद्यापास्नं वैरन मी आनतो. तुमी हाताला काय लावायचं न्हाई." म्हैस आणताना जेवढ्या प्रेमानं बोलला होता, तेवढ्याच प्रेमानं हेही बोलला. त्याला नावं ठेवणं मला जमत नाही ते यामुळंच.

आत्यांना मात्र कागद पटला नाही. त्या थेट मला काही म्हणाल्या नाहीत, चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "आमी काय राबून मेलो व्हय? झाडाखाली बसून कवा कुनाला बरं वाटलंय?" दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाईट वाटलं आणि रागही आला. दमलेल्या माणसानं आपल्यापेक्षा जास्त दमलेल्या माणसाला काय पटवायचं?

रिकाम्या हातांनी चालणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. हात नुसते लोंबत होते. पदर धरला, सोडला, मागं बांधले, पुढं घेतले. वाटेत प्रत्येक मोटरसायकल थांबायची. आमच्याकडं चालत्या माणसाला न बसवता पुढं जाणं हा त्याचा अपमान असतो.

"आवं काकी, बसा की, सोडतो."

"नको बाबा, चालायचंय."

"कुठं जायाचंय?"

"कुठंच न्हाई."

"मग तितंवर सोडतो."

नको म्हटलं की तोंड पडायचं. का, आमच्या गाडीवर बसायचं न्हाई व्हय? दोघातिघांच्या गाडीवर मी नाइलाजानं बसलेही आणि विहिरीपाशी उतरले. औषधाचं चालणं असं वाया गेलं. काहींनी आत्यांना आडून विचारलं, सुनेचं घरात काही बिनसलंय का. एकीनं मलाच विचारलं, म्हायेरी निघालीस काय गं? मी प्रत्येकाला तेच सांगायचे, फिराय चाललीया. सांगून सांगून त्या शब्दांचाही कंटाळा आला. तरी जात राहिले. वीस-पंचवीस दिवस गेले. रात्रीची झोप तुटक का होईना, पण यायला लागली होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. जूनमध्ये मी कामावर परत गेले. रात्रपाळी सोडली, त्यासाठी भांडले. गोळी अजून चालू आहे, निम्म्यावर आली आहे. ठणठणीत बरी झाले असं मी कुणालाही सांगत नाही, कारण ते खोटं होईल. झाडाखाली बसून नोकरी हलकी होत नाही. पण छातीतली धडधड गेली, घास गोड लागतो, आणि दमले की मला आता दमल्याचं कळतं. एवढं मिळालं. मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे, वैशाखातल्या एका सकाळचं.

मी करंजाखाली बसले होते. पाटाच्या बाजूनं कुणीतरी धावत येताना दिसलं. जवळ आल्यावर कळलं, आत्या. पायात चप्पल नाही, पदर खांद्यावरून सुटलेला, हाताला पीठ. सत्तरी उलटलेली बाई उसाच्या सरीतून आडवी धावत येत होती. मी दचकून उठले. घरी काही झालं की काय?

त्यांनी येऊन माझं मनगट धरलं. एवढं घट्ट धरलं की दुखलं. त्या धापा टाकत होत्या. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग विहिरीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"काय करतीस हितं?"

"बसलीया आत्या."

"नुसती?"

"नुसती."

त्या मटकन खाली बसल्या, माझं मनगट न सोडता. "गल्लीतली एक म्हनली, तुमची सून रिकाम्या हातानं हिरीकडं गेली. घागर न्हाई, धुनं न्हाई. मला वाटलं…"

पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. आमच्याकडं बाई विहिरीवर जाते ती काहीतरी घेऊन. काहीच न घेता गेलेल्या बाईच्या मागं लोक धावतात. मी रोज सकाळी गावाला केवढी भीती दाखवत होते, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

"तसं काय न्हाई आत्या," मी म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं. फाल्गुनात मी आले तेव्हा कुणी विचारलं असतं, तर इतक्या सरळ तोंडानं मला ते सांगता आलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. त्या रडायला लागल्या. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं मोकळं रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या हाताचं पीठ माझ्या पदरानं पुसत बसले.

थोड्या वेळानं श्वास जागेवर आला. वारा सुटला होता. करंजाची फुलं गळत होती, खाली चुरमुऱ्यांसारखी पसरली होती. आत्यांनी सवयीनं हातानं ती गोळा करून बाजूला सारायला सुरुवात केली, बसायची जागा साफ करायला.

"आसूं द्या आत्या."

"दरसाल सडा पडतोय हितं. पाय घसरतो भारा घिऊन येताना." मग जरा थांबून म्हणाल्या, "फुलं कुठं लागत्यात ह्याला? फांदीला का शेंड्याला?"

मला वाटलं त्या सहज विचारतायत. याच करंजाच्या बियांचं तेल त्यांनी म्हशीच्या खरजेला लावलं होतं, याच्याच काटक्या चुलीत घातल्या होत्या, याच्याच पानांचा धूर गोठ्यात केला होता. पन्नासहून जास्त वर्षं रोज दोनदा याच्याखालून गेल्या होत्या.

"वर बघा की, दिसत्यात."

त्यांनी बघायचा प्रयत्न केला. हनुवटी जरा उचलली गेली आणि तिथंच थांबली. हातांनी मागं टेकून अंग मागं केलं, तरी मान काही जाईना. तोंडावर कळ आली.

"न्हाई जात," त्या म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, जसं एखादी वस्तू कुठं ठेवली ते सांगावं तसं म्हणाल्या, "डोक्यावर भारा आसला की वर कुठलं बघायचं गं? आता भारा न्हाई तर मान न्हाई."

 मग मी पदर जमिनीवर अंथरला आणि त्यांना म्हटलं, आडव्या व्हा. त्या आधी वाटेकडं बघून नको म्हणाल्या. भर सकाळी उघड्या रानात बाई आडवी झालेली कुणी बघितली तर काय म्हणेल? मी त्यांच्या खांद्याला हात लावला. मग हळूहळू, एक कोपर टेकवत, कण्हत, त्या पाठीवर पडल्या.

 वर मधमाश्यांचा एकसारखा आवाज चालू होता. उन्हाचे कवडसे त्यांच्या तोंडावर हलत होते आणि त्या डोळे मिटत नव्हत्या.

"लय वर हाय की गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले होते. माझा हात आपसूक माझ्या मानेवर गेला. मी ती मागं टाकून बघितली. दुखलं, कटकट वाजली, पण गेली.